दोन महायुद्धांमधल्या आरमारी वॉरगेमसाठी सेनानी कसे निवडावेत आणि त्यांना गुण कसे द्यावेत

१९१९ ते १९३९ या काळावर आरमारी वॉरगेम, म्हणजे टेबलावर फाशांनी खेळायचा युद्धखेळ, रचायला घेतला की जहाजांचं काम भराभर होतं. टनेज, वेग, चिलखताची जाडी, तोफांचा व्यास हे सगळं छापील मिळतं. शिवाय १९२२ च्या वॉशिंग्टन कराराने युद्धनौकेला ३५,००० टन आणि १६ इंची तोफा, क्रूझरला १०,००० टन आणि ८ इंची तोफा अशा मर्यादा सगळ्यांनाच घातल्या होत्या. अडतं ते माणसांपाशी. या वीस वर्षांत मोठी आरमारं एकमेकांशी लढलीच नाहीत. त्या काळात ताफ्यांच्या प्रमुखपदी असलेल्या बहुतेकांनी ताफा घेऊन खरी लढाई केली नाही, आणि पुढे १९४२ ते १९४४ मध्ये ज्यांची नावं झाली ते तेव्हा कॅप्टन होते किंवा कुठल्या तरी कचेरीत बसले होते.

त्यामुळे नवखा खेळाडू प्रसिद्ध नावांकडे वळतो. १९३५ च्या खेळात अमेरिकेचे हॅल्सी आणि निमिट्झ, जपानचे यामामोटो, ब्रिटनचे कनिंगहॅम असे चौघे समोरासमोर उभे करतो, त्यांना ९ आणि १० गुण देतो आणि मग खेळ १९३५ चा राहत नाही. हे टाळण्यासाठी दोन नियम पहिल्यापासून पाळा. सेनान्याला खेळाच्या तारखेपर्यंतच्या पुराव्यावरच गुण द्या. आणि ते गुण त्याच्या निर्णयांना लावा, तोफगोळ्यांना लावू नका. पुढच्या पायऱ्या या दोन नियमांवरच उभ्या आहेत.

हाताशी काय हवं

- त्या वर्षाची अधिकाऱ्यांची सरकारी यादी: ब्रिटनची नेव्ही लिस्ट, अमेरिकेचं वार्षिक नेव्ही रजिस्टर. कोण कोणत्या हुद्द्यावर कोणत्या तारखेपासून आहे, हे त्यात मिळतं.
- त्या वर्षीची ताफ्याची रचना. पथकं, त्यांची निशाणनौका (प्रमुख ज्या जहाजावर असतो ते) आणि प्रमुख.
- सरावांचे अहवाल. अमेरिकेच्या आरमाराने १९२३ ते १९४० दरम्यान 'फ्लीट प्रॉब्लेम' नावाचे २१ मोठे सराव केले. त्यांची कागदपत्रं अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने मायक्रोफिल्मवर उपलब्ध केली आहेत. सेनान्यांना गुण देण्यासाठी या काळातला हा सगळ्यात भरभक्कम साठा आहे.
- सहा बाजूंचे दोन फासे, पोस्टकार्डाच्या आकाराची कोरी कार्डं आणि पेन्सिल. पेनने लिहू नका, गुण तीन-चार वेळा तरी बदलतात.

१. तारीख आणि समुद्र ठरवा

'तिशीचं दशक' हे उत्तर पुरेसं नाही. महिना आणि वर्ष लिहा. या काळात बदल्या फार लवकर होत. जपानच्या संयुक्त ताफ्याचा प्रमुख साधारण एक-दोन वर्षांत बदलायचा, आणि तोही बहुधा नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये. अमेरिकेत प्रमुख उन्हाळ्यात बदलायचे. ऑक्टोबर १९३४ ला जपानच्या बाजूला सुएत्सुगु नोबुमासा आहेत, डिसेंबर १९३४ ला ताकाहाशी सांकिची. सुएत्सुगु पाणबुड्यांचे पुरस्कर्ते, ताकाहाशींनी विमानवाहू पथक सांभाळलेलं. दोन महिन्यांच्या फरकाने खेळाचा रंगच बदलतो.

या लेखात मी जुलै १९३५, पॅसिफिक, अमेरिका विरुद्ध जपान हे उदाहरण धरलं आहे. त्या महिन्यात प्रसिद्ध नावं कुठे होती ते बघा. हॅल्सींना वयाच्या ५२ व्या वर्षी, मे १९३५ मध्ये, वैमानिकाचा बिल्ला मिळाला होता आणि ते नुकतेच 'साराटोगा' या विमानवाहू नौकेचे कॅप्टन झाले होते. स्प्रुअन्स न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजमध्ये शिकवत होते. अर्नेस्ट किंग वॉशिंग्टनमध्ये विमानविभागाचे प्रमुख. यामामोटो आरमारमर्यादेच्या लंडनमधल्या बोलण्यांवरून फेब्रुवारीत परतले होते. यांतल्या एकाकडेही ताफा नव्हता. त्यांना खेळात घ्यायचंच असेल तर ज्या जागेवर ते होते तिथेच घ्या. हॅल्सी एका जहाजाचे कॅप्टन म्हणून येतील, ॲडमिरल म्हणून येणार नाहीत.

२. आधी जागा मांडा, मग माणसं

कोऱ्या कागदावर ताफ्याची उतरंड काढा. १९३५ च्या अमेरिकी ताफ्यात सरसेनापतीच्या हाताखाली बॅटल फोर्स, स्काउटिंग फोर्स, सबमरीन फोर्स आणि बेस फोर्स असे भाग होते. जपानचा संयुक्त ताफा म्हणजे पहिला आणि दुसरा ताफा मिळून. संयुक्त ताफ्याचा प्रमुख पहिल्या ताफ्याचाही प्रमुख असायचा. म्हणजे जपानच्या बाजूला सर्वोच्च माणूस युद्धनौकांच्या रांगेत स्वतः उभा आहे. त्याची निशाणनौका बुडाली तर वरच्या दोन्ही जागा एकदम रिकाम्या होतात. असा तपशील माणसांपासून सुरुवात केली की नजरेतून सुटतो.

एका बाजूला ८ ते १२ जागा पुरतात. त्यापेक्षा जास्त कार्डं टेबलावर सांभाळवत नाहीत. साधा हिशोब असा: सरसेनापती १, मुख्य भागांचे प्रमुख २ किंवा ३, युद्धनौका आणि क्रूझरच्या पथकांचे प्रमुख ३ ते ५, विनाशिकांच्या दलाचे १ किंवा २, विमानवाहू पथकाचा १. प्रत्येक जागेखाली 'हा पडला तर कोण' ते लिहा. ते ज्येष्ठतेने ठरतं, गुणांनी नाही. ज्येष्ठता म्हणजे हुद्दा मिळाल्याची तारीख, म्हणून ती यादीतून उतरवून घ्यायलाच हवी.

अमेरिकेच्या बाबतीत एक खाच आहे. त्यांच्याकडे ॲडमिरल आणि व्हाइस ॲडमिरल हे हुद्दे त्या काळात पदाबरोबर यायचे आणि पद सुटलं की जायचे. कायमचा हुद्दा रिअर ॲडमिरलचाच. म्हणून १९३६ च्या यादीतला रिअर ॲडमिरल १९३५ मध्ये चार ताऱ्यांचा, म्हणजे पूर्ण ॲडमिरल, असू शकतो.

३. नावाची खात्री करा

या काळात नावांचे घोटाळे खूप आहेत. हे नेहमीचे:

- काटो टोमोसाबुरो वॉशिंग्टन परिषदेत जपानचे प्रमुख प्रतिनिधी होते, पुढे पंतप्रधान झाले आणि १९२३ मध्ये वारले. काटो कानजी त्या कराराचे कट्टर विरोधक आणि १९२६ ते १९२८ संयुक्त ताफ्याचे प्रमुख.
- 'ॲडमिरल फिशर' म्हटलं की ड्रेडनॉटवाले जॅकी फिशर डोळ्यापुढे येतात. ते १९२० मध्येच गेले. भूमध्य समुद्रातल्या ताफ्याचे १९३२ ते १९३६ मधले प्रमुख विल्यम वर्ड्सवर्थ फिशर हे वेगळे गृहस्थ.
- कनिंगहॅम दोन आहेत, अँड्र्यू आणि जॉन. दोघेही ब्रिटिश, दोघेही पुढे ॲडमिरल.

जपानी नावात आडनाव आधी येतं. कार्डावर तसंच लिहा आणि सगळीकडे तोच क्रम ठेवा.

४. काय मोजायचं ते पाचावर थांबवा

पंधरा गुणधर्मांची कार्डं दिसायला छान दिसतात, पण खेळात कोणी बघत नाही. हे पाच पुरे:

पुढाकार: वरून आज्ञा नसताना, किंवा समोरचं चित्र बदलल्यावर, स्वतः नवा निर्णय घेण्याची क्षमता.

नियंत्रण: एका फेरीत किती पथकांना नवी आज्ञा पोचवता येते.

हवाई जाण: टेहळणी कधी पाठवायची, हल्ला कधी सोडायचा, विमानवाहू नौका कुठे ठेवायची.

रात्रयुद्ध: अंधारात शत्रूला भिडायचं की टाळायचं, आणि भिडल्यावर पथक एकत्र ठेवणं.

माघारीची रेषा: किती नुकसान झाल्यावर तो मागे वळायचा विचार करतो. एकट्याने खेळताना, म्हणजे शत्रूची बाजू नियमांवर चालते तेव्हा, हा गुण सगळ्यात उपयोगी पडतो.

तोफखाना मी मुद्दाम वगळला आहे. १९१६ च्या जटलंडच्या आरमारी लढाईत मोठ्या तोफांच्या शंभर गोळ्यांतले जेमतेम तीन लागले होते, आणि ते लागणं किंवा न लागणं अंतरमापक, गणकयंत्रं, खलाशांचा सराव आणि धूर यांवर अवलंबून होतं. ॲडमिरल तिथे ताफ्याची रांग कुठल्या बाजूने न्यायची ते ठरवतो. त्याला 'नेमबाजी +२' दिलं की त्याने सांभाळलेल्या सगळ्या जहाजांचा नेम जादूने सुधारतो.

इथेच दुहेरी मोजणीचा सापळा आहे. फ्रेडरिक ड्रेयर यांच्या नावाची गोळीबार-गणकयंत्रं ब्रिटिश युद्धनौकांवर होतीच. जहाजाच्या कार्डात त्या यंत्रांचा फायदा धरलेला असताना, १९३३ ते १९३६ चीन स्टेशनचे प्रमुख असलेल्या ड्रेयर यांना पुन्हा तोच फायदा देऊ नका. तसंच जपानी ऑक्सिजन टॉर्पेडोचं. टॉर्पेडो उत्तम म्हणून प्रत्येक जपानी ॲडमिरलचं रात्रयुद्ध ५ होत नाही. शस्त्राचे गुण शस्त्राला, आरमाराच्या शिकवणुकीचे गुण त्या आरमाराच्या सर्वसाधारण नियमाला, आणि उरलं ते माणसाला.

५. पुरावा गोळा करा आणि त्याचं वजन ठरवा

प्रत्येक माणसासाठी चार रकाने आखा.

पहिला रकाना, ताफा किंवा पथक हातात असताना सरावात काय केलं. वजन ३. दुसरा, खरी लढाई, पण कोणत्या पातळीवर ते बघून. पथकप्रमुख म्हणून लढला असेल तर ३, जहाजाचा कॅप्टन म्हणून १, त्याखाली शून्य. तिसरा, शिक्षण आणि सुधारणा, वजन २: त्याच्या हाताखाली ताफ्याची काम करायची पद्धत बदलली का? चौथा, लेखन, अध्यापन, कचेरीतलं काम. वजन १. नंतरच्या युद्धातल्या कामगिरीचं वजन शून्य.

पहिल्या रकान्याची काही उदाहरणं सविस्तर पाहू, कारण खरा मजकूर तिथेच आहे.

जानेवारी १९२९, फ्लीट प्रॉब्लेम ९. जोसेफ रीव्ह्ज यांनी 'साराटोगा' मुख्य ताफ्यापासून वेगळी काढली, दक्षिणेकडून लांबचा वळसा घातला आणि पहाटेच्या आधी सत्तरच्या आसपास विमानं पनामा कालव्यावर सोडली. पंचांनी कालव्याचे दरवाजे उद्ध्वस्त झाल्याचं मान्य केलं. पण त्याच दिवशी 'साराटोगा'ही सापडली आणि बुडाल्याचा निकाल लागला. या एका सरावातून कार्डावर दोन गोष्टी चढतात. पुढाकार आणि हवाई जाण वर जातात, आणि विमानवाहू नौका एकटी सोडण्याची जोखीमही नोंदली जाते. फक्त पहिला अर्धा भाग वाचून ५ देणं हा इथला नेहमीचा घोळ.

७ फेब्रुवारी १९३२, रविवार. दुसऱ्या एका अमेरिकी सरावात हॅरी यार्नेल यांनी 'साराटोगा' आणि 'लेक्सिंग्टन' या विमानवाहू नौका खराब हवेतून हवाईच्या ईशान्येला आणल्या आणि पहाटे पर्ल हार्बरवर हल्ला चढवला. १९४१ मुळे या सरावाला फार वलय आलं आहे. ते बाजूला ठेवून १९३२ च्या नजरेने गुण द्या. हवाई जाण ४ किंवा ५, पुढाकार ४. इथे बसायला हरकत नाही, कारण पुरावा तारखेच्या आधीचा आहे.

मार्च १९३४, पोर्तुगालच्या किनाऱ्याजवळचा समुद्र. विल्यम फिशर यांनी भूमध्य समुद्रातला ताफा घेऊन वाईट हवेत, रात्री, होम फ्लीटला, म्हणजे ब्रिटनच्या मायदेशी ताफ्याला, गाठलं. ब्रिटिश आरमार रात्री मोठ्या युद्धनौका लढाईत आणणं टाळत असे, त्या समजुतीला या सरावाने धक्का दिला. फिशर यांचं रात्रयुद्ध ५ होण्याइतका हा पुरावा सबळ आहे. त्यांच्याआधी त्याच ताफ्याचे प्रमुख असलेले चॅटफिल्ड हेही रात्रीच्या सरावावर भर देणारे होते, म्हणून त्या ताफ्याच्या सर्वसाधारण नियमालाही थोडं द्या. सगळं श्रेय एका कार्डावर टाकू नका.

२४ ऑगस्ट १९२७, मिहोगासेकी. काटो कानजींच्या संयुक्त ताफ्याच्या रात्रीच्या सरावात 'जिंत्सू' क्रूझर 'वाराबी' विनाशिकेवर आदळली, पाठोपाठ 'नाका' 'आशी'वर. 'वाराबी' बुडाली, शंभरावर खलाशी गेले. 'जिंत्सू'च्या कॅप्टनने पुढे आत्महत्या केली. हा सराव दिवे मालवून, पूर्ण वेगात, युद्धासारखाच चालला होता. काटोंचं रात्रयुद्ध ४ द्या आणि त्याबरोबर एक खास नियमही जोडा. तो पायरी ७ मध्ये आहे.

सरावाचा अहवाल वाचताना पंचांकडेही लक्ष ठेवा. सरावाचे नियम कधी एका बाजूला झुकवलेले असतात, कधी ठरलेल्या तासाला थांबवायचं असतं. 'जिंकला' हा शब्द उतरवून घेऊ नका. त्याने कोणत्या माहितीवर, किती वेळात, काय ठरवलं ते उतरवा.

कोणत्या गोष्टींचा दोष सेनान्याला द्यायचा नाही, हेही तितकंच महत्त्वाचं. सप्टेंबर १९३१ मध्ये इन्व्हरगॉर्डनला ब्रिटिश खलाशांनी काम बंद पाडलं. मूळ कारण सरकारची पगारकपात, जुन्या दराच्या साध्या खलाशाचे दिवसाचे ४ शिलिंग ३ वर आले होते. वरिष्ठ आजारी असल्याने रिअर ॲडमिरल टॉमकिन्सन यांच्याकडे तात्पुरती सूत्रं होती आणि ठपका त्यांच्यावर आला. त्यांचे गुण यावरून कापू नका. २६ सप्टेंबर १९३५ ला जपानचा चौथा ताफा चक्रीवादळात सापडला आणि 'हात्सुयुकी', 'युगिरी' या विनाशिकांचे पुढचे भाग तुटून गेले. यात जहाजबांधणीतली कमजोरी उघडी पडली. ते जहाजांच्या कार्डावर जाऊ द्या. आपल्या जुलै १९३५ च्या खेळात तर ही घटना अजून घडलेलीच नाही.

६. गुण द्या

१ ते ५ अशी पट्टी घ्या. ३ म्हणजे त्या आरमारातला सर्वसाधारण चांगला ॲडमिरल. पुरावा नसेल तर ३. हे नीट लक्षात ठेवा, कारण कोरा रकाना भरायचा मोह होतो आणि मग तिथे आवडनिवड शिरते.

१२ जणांच्या बाजूत एकेका गुणासाठी निम्म्यांना ३ मिळायला हवेत, दोघा-तिघांना ४, दोघा-तिघांना २. ५ किंवा १ फार तर एकेकाला, आणि तेही दोन वेगवेगळे पुरावे असतील किंवा फिशर यांच्यासारखा एकच पण नि:संशय असेल तरच. सगळ्यांना ४ पडत असतील तर तुमची पट्टी सरकली आहे. सगळी कार्डं बाजूला ठेवून पुन्हा ३ पासून सुरुवात करा.

राजकीय भूमिका आणि लढाऊपणा यांची गल्लत होऊ देऊ नका. जपानमध्ये करारविरोधी आणि करारसमर्थक असे दोन गट होते. करारविरोधी म्हणजे समुद्रावर आक्रमक असं गृहीत धरलं तर अर्धा ताफा चुकीचा होईल. गटाचा खरा उपयोग कोण उपलब्ध आहे हे ठरवायला होतो. १९३३-३४ मध्ये आरमारमंत्री ओसुमी यांनी करारसमर्थकांना निवृत्तीवर पाठवलं, त्यांत होरी तेइकिची हे डिसेंबर १९३४ मध्ये गेले. १९३२ च्या खेळात होरी घेता येतील, १९३५ मध्ये नाही. सोव्हिएत ताफ्याचं तर विचारूच नका. आरमारप्रमुख ओर्लोव्ह आणि काळ्या समुद्रातल्या ताफ्याचे कोझानोव्ह, दोघांनाही १९३७ मध्ये पदावरून काढलं आणि १९३८ मध्ये गोळ्या घातल्या. १९३८ च्या खेळात सोव्हिएत बाजूला वरच्या जागांवर नवखी माणसं ठेवा आणि पुढाकार २ च्या वर जाऊ देऊ नका. वरिष्ठांचं असं झालेलं पाहिलेला अधिकारी आज्ञेवाचून पाऊल टाकत नाही.

७. गुण फाशांना जोडा

पुढाकाराची चाचणी दोन फाशांच्या बेरजेवर घ्या, ८ किंवा जास्त आलं तर सेनानी स्वतः नवा निर्णय घेतो. गुण ३ असेल तर फरक शून्य, ४ ला +१, ५ ला +२, २ ला -१, १ ला -२. शक्यता अशा पडतात: -२ ला १७ टक्के, -१ ला २८, शून्याला ४२, +१ ला ५८, +२ ला ७२. म्हणजे ३ आणि ५ मध्ये ३० टक्क्यांचं अंतर आहे. ५ का जपून द्यायचे, ते या आकड्यांत दिसतं. यावर आणखी कुठला फायदा चढवू नका.

नियंत्रणाचा गुण म्हणजे तितक्या पथकांना एका फेरीत नवी आज्ञा. बाकीची पथकं आधीच्या आज्ञेवर चालतात किंवा स्वतःच्या प्रमुखाच्या पुढाकारावर.

माघारीच्या रेषेसाठी सोपा नियम: ३ वाला सेनानी एक तृतीयांश मोठी जहाजं बुडाली किंवा लंगडी झाली की चाचणी देतो, ४ वाला निम्मी गेल्यावर, २ वाला एक चतुर्थांशावर.

मग खास नियम. एका बाजूला फार तर तीन जणांना द्या.

रॉजर बॅकहाउस १९३५ मध्ये होम फ्लीटचे प्रमुख झाले. सगळं काम स्वतःच्या हाताखालून जायला हवं अशी त्यांची पद्धत. त्यांचे चीफ ऑफ स्टाफ बर्ट्रम रॅम्से याच कारणाने काही महिन्यांत पद सोडून गेले. त्यांच्यासाठी नियम: नियंत्रण ४, पण ज्या पथकाला त्यांची आज्ञा पोचली नाही त्याच्या प्रमुखाच्या पुढाकाराला -१. खेळताना हा नियम फार बोलका ठरतो. सूर्यास्तानंतर संदेश अडकायला लागले की होम फ्लीट जागच्या जागी थिजतो.

काटो कानजींसाठी: रात्री टॉर्पेडो हल्ल्याला +१, पण त्या हल्ल्याच्या फाशावर दोन्ही एक आले (३६ मध्ये १ वेळा) तर त्याच पथकातली दोन जहाजं एकमेकांवर आदळतात.

८. जुलै १९३५ ची दोन कार्डं

जोसेफ रीव्ह्ज, अमेरिकी ताफ्याचे सरसेनापती, जून १९३४ पासून. वय ६२. निशाणनौका 'पेन्सिल्व्हेनिया'. हवाई जाण ५: फ्लीट प्रॉब्लेम ९, आणि त्याआधी 'लँग्ली' या विमानवाहू नौकेवर विमानांची संख्या ४२ पर्यंत नेऊन उड्डाण आणि उतरण्याचा वेग वाढवणं. दोन वेगवेगळे पुरावे आहेत, म्हणून ५ टिकतो. पुढाकार ४. नियंत्रण ३. रात्रयुद्ध ३, वेगळा पुरावा नाही. माघारीची रेषा ३.

ताकाहाशी सांकिची, संयुक्त ताफ्याचे प्रमुख, नोव्हेंबर १९३४ पासून. वय ५२. हवाई जाण ४: १९२८ मध्ये पहिलं विमानवाहू पथक उभं राहिलं तेव्हा त्याचे पहिले प्रमुख हेच. बाकी सगळं ३. करारविरोधी गटातले म्हणून माघारीची रेषा ४ करायचा मोह होईल, करू नका. दुसऱ्या ताफ्यावर योनाई मित्सुमासा, सगळे गुण ३. पुढचं मंत्रिपद आणि पंतप्रधानपद या तारखेच्या नंतरचं आहे.

१९३५ मध्ये पॅसिफिकच्या दोन्ही बाजूंना विमानवाहू पथक सांभाळलेली माणसं सरसेनापती होती, ही गोष्ट प्रसिद्ध नावांच्या मागे धावताना कोणाच्या ध्यानात येत नाही. दोन्हीकडे युद्धनौकांची रांग आहे, दोन्हीकडे विमानांची कदर करणारा प्रमुख आहे, आणि विमानं मात्र अजून दुपंखी. खेळायला यासारखी परिस्थिती सापडणं कठीण.

९. हिंदी महासागर घेणार असाल तर

मुंबईच्या गोदीवर उभं असलेलं दल आपल्या वाचकांना जवळचं वाटेल. रॉयल इंडियन मरीन १९३४ मध्ये रॉयल इंडियन नेव्ही झाली. तिच्याकडे 'हिंदुस्तान', 'क्लाइव्ह', 'कॉर्नवॉलिस' अशी स्लूप, म्हणजे छोटी संरक्षक, जहाजं होती. हे पथक ट्रिंकोमालीच्या ईस्ट इंडीज स्टेशनच्या जोडीला ठेवा, नियंत्रण २, काम काफिल्यांचं रक्षण. १९२८ ते १९३४ या दलाचे प्रमुख हम्फ्री वॉल्विन जटलंडमध्ये 'वॉरस्पाइट'चे कार्यकारी अधिकारी होते. सुकाणू अडकून ते जहाज शत्रूच्या माऱ्यात गोल फिरत राहिलं, तेव्हा आतली आग आणि पाणी आवरण्याचं काम त्यांनी केलं. मोठं काम, पण ते एका जहाजातलं. पायरी ५ च्या हिशोबाने ताफ्याच्या कार्डावर त्याचं वजन शून्य, म्हणून नियंत्रण सोडून बाकीचे गुण ३.

१०. केप पालोसवर चाचणी घ्या

कार्डं खरी उतरली का, हे तपासायला या काळातली एक खरी लढाई आहे. स्पेनच्या यादवीत ५-६ मार्च १९३८ च्या रात्री फ्रँकोच्या बाजूच्या 'बालेआरेस', 'कनारियास', 'आल्मिरांते सेर्वेरा' या तीन क्रूझर एका काफिल्याबरोबर होत्या. गणराज्याच्या ताफ्यात 'लिबेर्ताद', 'मेंदेस नुन्येस' या क्रूझर आणि पाच विनाशिका. विनाशिकांच्या टॉर्पेडोंनी 'बालेआरेस' बुडाली, रिअर ॲडमिरल व्हिएर्ना आणि सातशेवर माणसं गेली. गणराज्याच्या ताफ्याने मात्र पाठलाग केला नाही.

गणराज्याच्या ताफ्याचे प्रमुख उबिएता यांना पुढाकार ३, रात्रयुद्ध ३, माघारीची रेषा २ द्या. व्हिएर्ना यांना सगळे ३. गणराज्याच्या खलाशांना प्रशिक्षणात एक पायरी खाली ठेवा, कारण १९३६ मध्ये त्यांचे कितीतरी अधिकारी मारले गेले होते. तो दोष उबिएतांचा नाही. आता ही लढाई दहा वेळा खेळा, सुरुवातीचं अंतर दर वेळी बदलून. एकदाही क्रूझरला टॉर्पेडो लागला नाही तर रात्रीचे नियम फार कडक आहेत. दोन क्रूझर वारंवार बुडत असतील तर फार सैल. आणि निशाणनौका बुडाल्यावर 'कनारियास' पुढच्याच फेरीत काही झालंच नाही अशी लढत राहिली तर तुमच्या खेळात सूत्रं हातातून हातात जायला वेळच लागत नाही. तिथे किमान दोन फेऱ्यांचा खंड घाला.

११. बदल्या, आजार, निवृत्ती

मोहीम काही महिन्यांची असेल तर प्रत्येक कार्डाच्या मागे दोन तारखा लिहा: पदाची मुदत आणि निवृत्तीचं वय. अमेरिकेत ६४ ला निवृत्ती. रीव्ह्ज यांचा जन्म नोव्हेंबर १८७२ चा, म्हणजे १९३६ च्या अखेरीस त्यांचं कार्ड बाद, आणि सरसेनापतीपद तर जून १९३६ मध्येच आर्थर हेपबर्न यांच्याकडे जातं. युद्ध सुरू असताना प्रमुख बदलला नसता असं वाटत असेल तर मुदत वाढवा, पण दर तीन महिन्यांनी दोन फासे टाकून २ आल्यास आजारपण धरा. विल्यम फिशर १९३७ मध्ये पदावर असतानाच ६२ व्या वर्षी वारले, बॅकहाउस आजारपणाने पद सोडल्यावर लगेच जुलै १९३९ मध्ये. साठीच्या पुढच्या माणसांसाठी २ किंवा ३ धरा, म्हणजे शक्यता ३६ मध्ये १ ऐवजी ३ होते. बदली, आजार किंवा निवृत्तीने कार्ड बाद झालं की पायरी २ मध्ये लिहिलेला पुढचा ज्येष्ठ अधिकारी त्याच फेरीला आणा आणि त्याच्या पहिल्या दोन फेऱ्या नियंत्रण एकाने कमी ठेवा.